स्लो कमी हाय

रविवारी सकाळी चंद्रभान पराते अंगणात गाडीपुढे पाट टाकून बसले होते. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसरा तळवा पेट्रोलच्या टाकीवर. उभा जन्म यंत्रमागावर गेला, त्यात कान गेले. आता इंजिन ते हातानं ऐकत. कानाचं मशीन होतं, पण ते कपाटात. त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो म्हणायचे. तरी खात्रीसाठी मुलीला, हर्षाला, समोर उभं करत. तिनं बोट वर केलं की स्क्रू थोडा आवळायचा, तळहात आडवा धरला की बस.

गाडी जुनी, शंभर सीसीची. होळीनंतर हर्षा एक बॅग घेऊन सासरहून नंदनवनच्या या घरी परत आली, ती कायमचीच. बाबांनी बॅग आत नेऊन ठेवली आणि चहा मांडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी उघडली. तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीटचा फोम कापून आणला. मिहानमधल्या कामावरून परतायला अंधार होतो, म्हणून समोर जास्त उजेडाचा दिवा बसवला. क्लच इतका हलका केला की दोन बोटांनी दाबावा. ती का परत आली, हे मात्र त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

त्या न विचारण्याबद्दलच तिला त्यांना काही सांगायचं होतं. पण बाबांना काहीही सांगायचं तर ओरडावं लागे. जेवायला चला, नळ आले, फोन आहे, हे ओरडून सांगता येतं. हे येत नव्हतं. भिंतीपलीकडे शेजारच्या यमुताई असायच्या.

आजही होत्या. भिंतीवर कोपर टेकवून म्हणाल्या, "चंद्रभानभाऊ, पोरीले गाडी सजवून देऊन राहिले. त्यापेक्षा जावयाले बोलवा ना, तो नेईन मागं बसवून." आवाज गल्लीच्या टोकाला पोचेल असा होता.

चंद्रभान मान वर न करता म्हणाले, "स्लो कमी हाय अजून."

गाडी जागेवर उभी असताना इंजिन जेवढ्या वेगानं चालत राहतं, त्याला ते स्लो म्हणत. ते कमी असलं तर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते. यांना काय सांगून उपयोग, असं पुटपुटत यमुताई आत गेल्या. बाबांचा तळवा टाकीवरच होता. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, हे हर्षाला चेहऱ्यावरून कळलं नाही.

तिनं बोट वर केलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कार्बोरेटरचं सामान नवीन हाय वं. आठ दिवस फिरू दे. पुढच्या रविवारी वाढवू."

मग ती गाडीच्या आरशात पाहून केस सारखे करू लागली, तेव्हा फडक्याला हात पुसत म्हणाले, "आरसा मागचं पाहाले लावला, तोंड पाहाले नाही."

बुधवारी पहाटे ते झोपेतच गेले.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी परतले. सोमवारपासून कामावर जायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी हर्षानं गाडी अंगणात काढली. सवयीनं पाटही मांडला. किक मारली. गाडी सुरू झाली, आणि ॲक्सिलरेटर सोडला तशी बंद पडली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या फडक्यात गुंडाळलेला होता. तिनं तो सोडवला आणि हातात धरून उभी राहिली. कुठला स्क्रू, किती फिरवायचा, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. तिनं फक्त हात दाखवला होता.

यमुताई अंगण झाडता झाडता भिंतीशी आल्या. या वेळी त्यांचा आवाज बारीक होता. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे दे, तो करून देईल, म्हणाल्या. हर्षानं मान हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हर परत फडक्यात ठेवला.

तिनं किक मारली, आणि या वेळी ॲक्सिलरेटर सोडला नाही. पिळतच गेली. अंगण आवाजानं भरलं. डावा तळवा तिनं टाकीवर ठेवला. पत्रा थरथरत होता. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत येत होती. एवढ्या आवाजात यमुताईंना काही ऐकू येणार नव्हतं. तिचं तिलाही येत नव्हतं.

ती पाटाकडे वाकली.

"बाबा," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, "बाबा, मी परत आली तवा..."

ॲक्सिलरेटरवरची मूठ सैल झाली. इंजिन बंद पडलं. भिंतीपलीकडे झाडू थांबला.

हर्षाचा आवाज अजून तसाच होता, बाबांना ऐकू जावा एवढा. तिनं तो कमी केला नाही.

"...तवा तुम्ही मले काहीच नाही विचारलं. लय बरं केलं, बाबा."