व्हायोलिनवालीची शेवटची बैठक

"हलू नकोस गं," मिसेस लॅम्बर्न पुन्हा म्हणाल्या. "ओठ रंगवतायत ते."

हिरव्या रेशमी झग्यातली मुलगी व्हायोलिन हनुवटीखाली धरून तशीच उभी राहिली.

"ओठ कधीच झाले," चित्रकार थ्रेल कॅनव्हासमागून म्हणाला. "खरं तर सगळंच झालंय."

"बाही कुठे झालीय? उद्या उभी करू तिला परत."

"उद्या रविवार. चर्चची घंटा वाजत असताना ब्रश हातात धरला, तर घरमालकीण मला रस्त्यावर काढील. आणि बाहीला ती कशाला हवी? झगा खुंटीला टांगून रंगवीन."

सोमवारी मुलगी लीड्सला जायची होती. नोकरी ठरलेली. धुराचं गाव, परकी माणसं, काळजी घेणारं कुणी नाही. मिसेस लॅम्बर्नना आणखी एक बैठक हवी होती. एकच.

मुलीला ठसका लागला. मिसेस लॅम्बर्न ताडकन उठल्या. खिडकी लावली, स्वतःची शाल तिच्या खांद्यांवर टाकली.

"छातीत कफ आहे? रात्री घाम येतो?"

"नाही. टर्पेंटाइनचा वास गेला घशात."

"खरं सांग."

"आता मी काय शाल रंगवू?" थ्रेल म्हणाला.

"तिला वाजवायला सांगा मग. वाजवताना चेहरा कसा निराळाच होतो. ते नाही उतरलं तुम्हाला अजून."

मुलीने थ्रेलकडे पाहिलं. त्याने नजर रंगांच्या पाटीकडे वळवली.

"वाजवणं नको. हात हलला की माझी मेहनत वाया. चेहऱ्याचं मी बघतो, तुम्ही दिलेला तो फोटो आहे ना."

"निदान गज तरी नीट धर, बाळा. मूठ आवळायची नाही, किती वेळा सांगू?" काळे हातमोजे काढून त्यांनी तिची बोटं एकेक करून गजावर बसवली. टोकं खरखरीत लागली. "ग्लिसरीन लावत जा रात्री."

"लावीन."

हात सोडायला त्यांना जरा वेळच लागला.

शेवटी उजेड उतरला तसा थ्रेलने ब्रश धुवायला तेलात बुडवला. मुलगी लगबगीने पडद्याआड गेली.

"सोमवारची गाडी दुपारची आहे," मिसेस लॅम्बर्न दबक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी तासभर तरी..."

"जाऊ द्या तिला," थ्रेल म्हणाला. "तिचंही मन लागत नाही इथे. दिसत नाही का तुम्हाला?"

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मुलगी बाहेर आली ती तपकिरी लोकरीच्या साध्या कपड्यांत. हिरव्या झग्याची घडी तिने मिसेस लॅम्बर्नच्या मांडीवर ठेवली.

"लोकरीचे मोजे पेटीत टाकलेस ना?" त्यांनी विचारलं.

"टाकले, बाईसाहेब. येते मी, माझी आई खाली थांबलीय. वर नाही यायची ती. तुमच्या मेलेल्या मुलीच्या झग्यात मला बघवत नाही तिला."