शेडमध्ये जाणारी दोन माणसं

“म्हणजे रोग मिंकमधून आला नाही?” गावप्रमुख ओनोदा यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“नाही,” सुचेता म्हणाली. “उलट झालंय. हा माणसांचाच फ्लू आहे, या हिवाळ्यातला. आधी माणसाकडून मिंकना झाला, मग मिंककडून कान्नो-सानना.”

गाव झाडून सभागृहात आलं होतं. फ्लूचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कान्नो शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मिंक म्हणजे मुंगसाच्या चणीचं जनावर. फरसाठी पाळतात. डोंगराच्या कुशीतल्या या गावात म्हाताऱ्या कान्नोंचं एवढं एकच फार्म उरलं होतं. परळला पशुवैद्यकी शिकलेली सुचेता आता जपानमध्ये, त्सुकुबाच्या एका संस्थेत होती. महिन्यातून एकदा इथे यायचं, मिंकच्या नाकातून स्वॅब घ्यायचा आणि माणसावर उडी मारणारं काही शिजतंय का ते बघायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं काही निघालं नव्हतं. या जानेवारीत मिंक शिंकू लागल्या. मग कान्नोंना ताप आला. मग शेजारच्या आजी हॉस्पिटलात गेल्या. आजी बऱ्या होऊन परतल्या, पण गावाने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. सूचनांची पाटी इथे घरोघर फिरते. ती कान्नोंचं दार सोडून पुढच्या घरी जाऊ लागली. वाकडा शब्द कुणी बोललं नाही. इथे बोलत नाहीत, पाटी पुढे नेतात. मोठ्या भूकंपात वीज गेली तेव्हा कान्नोंनी मिंकसाठी गोठवलेले मासे याच गावाला वाटले होते. गावाने ते खाल्लेही होते. माणसाची जात, दुसरं काय.

आता ही पाटी पुन्हा त्यांच्या दारात थांबेल, चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची टळली, असं सुचेताला वाटलं. निघताना नवरा म्हणाला होता, “माणसाकडून आला, एवढं सांग आणि खाली बस. पुढचं कोणी विचारणार नाही गं. चारचौघांत विचारायची पद्धत नाही यांच्यात.”

ओनोदांनी विचारलं.

“शेडमध्ये जातं कोण?”

“दोघंच,” सुचेताचे साहेब मोरिता-सान उठून म्हणाले. “कान्नो-सान आणि आमच्या सुचेता-सान.” त्यांनी पडद्यावर तिचा कामावरचा फोटो लावला. पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, गॉगल, मास्क. दिसत होतं ते फक्त कपाळ. “आमच्याकडून शक्य नाही.”

सगळ्या माना मागे वळल्या.

कान्नो उठले आणि कमरेत वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

“मीच,” ते म्हणाले. “अंगात कणकण होती. तसाच शेडमध्ये गेलो. सर्वांना फार त्रास झाला.”

मोरिता-सान प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागले. सगळ्यांचंच काम सोपं झालं होतं.

सुचेताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिंक शिंकू लागण्याआधीच्या भेटीत तिनेच कान्नोंचा ताप मोजला होता. त्यांना काहीही नव्हतं. घसा खवखवत होता तो तिचा. घरी चार वर्षांची अक्षया तापाने फणफणली होती. पण नुसत्या घशासाठी इथे रजा कोण घेतं? मास्क लावायचा आणि कामावर जायचं. हे ती इथेच शिकली होती. आणि मास्क होताच की. पूर्ण वेळ होता. एकदाच फक्त...

तेव्हा कान्नो तिच्या मागेच उभे होते. आता ताठ होता होता त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. बसून राहा.

सुचेता उभी राहिली.

“कान्नो-सान खोटं बोलतायत. ताप त्यांना नव्हता, मला येत होता. त्या दिवशी स्वॅब घेताना पांढऱ्या मादीचं नाक फुटलं. रक्त आलं. ती कळवळली आणि मी तिला...”

पुढचा जपानी शब्द आठवेना. गुडघा खरचटला, चटका बसला, की आई करते ते. अक्षया दिवसातून दहा वेळा मागते ते. हातून होऊन जातं, विचार मागून येतो.

“काय केलंत?” ओनोदांनी विचारलं.

तिने मास्क हनुवटीखाली ओढला. नसलेली पांढरी मादी ओंजळीत धरून तोंडाशी आणली, ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर घातली.

पहिली रांग उठली आणि लगबगीने मागे गेली. मागे रिकाम्या खुर्च्या होत्या त्या फक्त कान्नोंच्या शेजारी.