कमळीचा नवरा

"दादा, ऐकताय ना?" पंचशीलाने कागद खिडकीच्या उजेडात धरला. "तारीखसुद्धा आहे. अकरा जून एकोणीसशे चव्वेचाळीस. आजोबा त्या दिवशीच गेले होते."

पलंगावर पडलेल्या तिच्या बापाने, सीतारामने, डोळे उघडले नाहीत. तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. दोन वर्षांपासून जेसल पार्कच्या या फ्लॅटमधली ही एक खोलीच त्याचं जग झाली होती.

घरात सीतारामच्या बापाचं, धाकूचं, नाव कुणी काढत नसे. माहिती होती ती एवढीच, की तो मुंबईच्या गोदीत कोळसा वाहायचा, बेचाळीस साली सैन्यात भरती झाला, ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला आणि परत आला नाही. लढाई संपल्यावर गावचे चौघे परतले. ते दुसऱ्या पलटणींतले होते, धाकूचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. गावाने मात्र ठरवून टाकलं, त्याने तिकडे बाई ठेवली. त्याची बायको कमळाबाई तेव्हा चोविशीत होती. तिच्या भावाने दोनदा पाट लावून द्यायचं काढलं. माणूसही चांगला होता, पोराला सांभाळायला तयार होता. तिने ऐकलं नाही. माझा नवरा जिवंत आहे, म्हणाली. मग पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांत वाकली, कपाळावरचं कुंकू तेवढं सोडलं नाही. ती गेली तेव्हा पंचशीला सोळा वर्षांची होती. शेवटच्या आजारात आजी धाकूला शिव्या देत होती. "सुखात असंल तो तिकडं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणायची.

गेल्या वर्षी समाधानच्या, म्हणजे पंचशीलाच्या भावाच्या, मुलीच्या हळदीला गावाकडचा एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "त्या बर्मावाल्याची पणती ना ही?" चार माणसं हसली. समाधानही कसनुसा हसला. पंचशीलाला ते लागलं. विम्याच्या ऑफिसातून ती नुकतीच रिटायर झाली होती. तिने शोध सुरू केला.

सीतारामने त्याच दिवशी सांगितलं होतं, "सोड तो नाद. काही मिळायचं नाही त्यात." त्याचा बापावरचा राग तिला माहीत होता. ती त्यापुढे त्याच्याशी काही बोलली नाही.

लढाईत मेलेल्यांच्या याद्या आता कॉम्प्युटरवर दिसतात. तीन महिने तिला धाकू सापडला नाही. मग तिने नाव सोडून गाव घातलं. एक ओळ समोर आली. इंग्रजीत नाव चुकवलं होतं, डाकू रगू; रगू हे त्याच्या बापाचं. पुढे लिहिलं होतं, कमळीचा नवरा. पुढे खेड तालुक्यातलं त्यांचं गाव. तिने ती ओळ उतरवून घेतली. नंतर अर्ज केले, फोन केले, सहा ठिकाणी पत्रं पाठवली. आज सकाळी कुरियरवाला आला. "आंटी, इधर साइन करो," म्हणाला आणि पाकीट देऊन गेला. आत धाकूच्या नोकरीच्या कागदाची झेरॉक्स होती.

"ते पळाले नव्हते, दादा," ती म्हणाली. "बाईबिई काही नव्हती. बंदूकसुद्धा नव्हती त्यांच्या हातात. रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होते, खडी फोडायचे. पावसात डोंगर खाली आला. नऊ जण गाडले गेले, त्यांत आपले आजोबा."

सीताराम छताकडे बघत होता. "सगळं लिहिलंय त्यात?"

"सगळं. घरी कळवल्याची तारीखही आहे, पाच जुलै. पण ते पत्र पोचलंच नसणार. टपालवाला आपल्या वस्तीत पाऊल टाकत नव्हता, तुम्हीच सांगायचात ना. वेशीवर टाकून गेला असेल, भिजून लगदा झाला असेल त्याचा." तिचा आवाज चढला. "एक कागद, दादा. तेवढा हातात पडला असता तर आजीने मन मोकळं करून रडून घेतलं असतं. दुसरं घर केलं असतं. जन्मभर त्या माणसाला शिव्या देत बसली नसती."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. सीतारामने डोळे मिटले. त्याला झोप लागली असं वाटून तिने कागदाची घडी घातली.

"पोचलं होतं," सीताराम म्हणाला.

पंचशीलाने घडी पुन्हा उलगडली.

"वस्तीत वाचता मला एकट्यालाच यायचं. दुसरीत होतो. शाळेच्या पडवीत बसून शिकलो होतो." तो थांबत थांबत बोलत होता. "भाताची लावणी चालू होती. आय शेतातनं आली, हात कोपरापर्यंत चिखलाचे. कागदाला हात लावीना, चिखल लागंल म्हणून. माझ्याकडं बघून आधीच हसायला लागली. बाचं पत्र हाय, म्हणाली, वाच."

"दादा..."

"आदल्याच आठवड्यात शेजारच्या मंदाचा नवरा पटकीनं मेला होता. तिच्या बांगड्या फोडताना मी बघितलं होतं. मनगटातनं रक्त आलं होतं तिच्या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वाचलं," सीताराम म्हणाला. "बा बरा हाय. लढाई संपली की येतो."