दिष्टीची बाहुली

शिडीच्या अर्ध्यावर आल्यावर शिवप्रसाद सरांच्या लक्षात आलं, की आपण जन्मभर पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवलं, पण ते आपल्यालाही लागू आहे हे कधी मनावर घेतलं नाही.

वर, त्यांच्या नव्या घराच्या कॉलमच्या सळईला, सुतळीनं बांधलेली बाहुली उलटी लोंबत होती. वीतभर अंग, काळी लोकर, कपाळाला दोन शिंगं आणि तोंडभर टोकदार दात. वाऱ्यानं गरगर फिरायची तेव्हा सगळ्या कमलनगराला आळीपाळीनं दात दाखवायची. आता पाळी सरांची होती.

बाहुली मुळात दिष्टीची नव्हतीच. ती परदेशातून, ब्रॅम्प्टनहून, लेकीनं, दीपमालानं, पाठवली होती. तिकडे म्हणे बाहुल्या बंद डब्यात विकतात आणि आत कुठली निघणार ते पैसे मोजल्यावरच कळतं. सरांना हे लग्न जमवण्यासारखं वाटलं होतं. सुटा डबा परवडत नाही, म्हणून खोलीतल्या चौघींनी मिळून सेलमध्ये अख्खी पेटी घेतली आणि डबे वाटून घेतले. आपल्या वाटणीतला एक डबा दीपमालानं न फोडता, तिकडून सुट्टीवर गावी येणाऱ्या शेजारच्या अमरदीपच्या हाती आईला, राजूबाईंना, धाडला. नव्या घराच्या शोकेससाठी.

राजूबाईंनी डबा फोडला, दात बघितले, आणि एवढी जालीम वस्तू शोकेसमध्ये ठेवणं त्यांना उधळेपणा वाटला. बाजारातल्या राक्षसाच्या मुखवट्यापेक्षा ही किती तरी सरस. नजर लागू नये म्हणून बांधकामावर टांगायला त्यांनी ती रेवणसिद्धप्पा मेस्त्रीला दिली आणि कौतुकानं फोटो पोरीला पाठवला.

शेकड्यात एखाद्याच डब्यात निघणारी बाहुली ती हीच. फोटोत ती कुठं लटकलीय याकडे लक्ष न देता दीपमालानं आनंदाच्या भरात ती कामाला होती त्या दुकानाच्या मालकाला बाहुली द्यायचा शब्द देऊन टाकला, कारण मालकाची पाच वर्षांची लेक वर्षभर हिच्यासाठी झुरत होती. दीपमाला तिकडे राहणार की गाशा गुंडाळून परत येणार, हे आता नोकरीच्या ज्या पत्रावर ठरायचं होतं, त्यावर सही मालकाची. आणि परत निघालेला अमरदीप जीप घेऊन रस्त्यावर थांबला होता. आज बाहुली गेली नाही तर मग कोण नेणार?

बाहुली उतरवायला मेस्त्रीनं साफ नकार दिला होता. मजूर सकाळी चहाला म्हणून गेले ते अजून चहाच पीत होते. स्लॅब पडायच्या आत बाहुली काढली, तर तिनं आजवर प्यालेली सगळ्या गावाची नजर काढणाऱ्याच्या अंगावर येते, असा नियम. हा नियम विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकात नाही, असं सरांनी सांगून पाहिलं. मेस्त्री म्हणाला, मग चढा. आणि त्यानं शिडी धरली.

"चिटगुप्प्याला एकानं काढली होती सर, असलीच," तो खालून म्हणाला.

"मग काय झालं त्याला?"

"तुमी वर असताना न्हाई सांगत."

सर उरलेल्या पायऱ्या चढून सळईपाशी पोचले. खाली राजूबाई पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. बाहुली टांगताना त्यांना जो हुरूप होता, तो आता कुठं दिसत नव्हता.

"अवो, तोंडाकडं बगू नका तिच्या," त्या हळूच म्हणाल्या.

सरांनी लगेच बघितलं. मग डोळे मिटून हातातलं ब्लेड सुतळीवर चालवलं. सुतळी तुटली आणि बाहुली तळहातावर आली, उन्हानं तापलेली, जित्या जनावराच्या अंगासारखी ऊबदार. सरांच्या हातून ती सुटलीच असती. सर सुटले नाहीत ते मेस्त्रीच्या कृपेनं.

ते खाली उतरले. काहीच झालं नाही. त्यानं भीती कमी व्हायला हवी होती. पण जे व्हायचं ते आता कधीतरी व्हायचं बाकी राहिलं होतं.

राजूबाईंनी बाहुलीसाठी हात पुढं केला नाही. मेस्त्रीनं दुसरीकडे बघितलं. खिशात दीपमालाचा फोन मघापासून चालूच होता, तो सरांनी कानाला लावला.

"अप्पा, काढली का?"

"काढली."

"तुमाला काय झालं न्हाई ना?"

"काय होतंय मला? आपण मानतो का असलं?"

"न्हाई," दीपमाला म्हणाली. "अप्पा, मालकाची पोरगी बाहुल्या उशाशी घिऊन झोपती."

रस्त्यावर अमरदीपनं हॉर्न वाजवला.

"मग? पाठवू का?"

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तो मोठ्या माणसाचा वाटत नव्हता. लहानपणी माळ्यावर जायला सांगितलं की ती असाच श्वास घ्यायची.

सरांनी बाहुलीची शिंगं चिमटीत धरली होती आणि हात होईल तेवढा लांब केला होता. तिचं तोंड घराकडे होतं, तिथं राजूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते रस्त्याकडे वळवलं. तिथं अमरदीप जीपमध्ये बसून त्यांच्याकडे बघत होता, विमान गाठायच्या घाईत.

मग त्यांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.