घुंगरातला कापूस

विजयकुमारनं बायकोचे पैंजण सगळ्यांच्या मधोमध आपटले, पण ते वाजले नाहीत. वाजणार कसे? एकेका घुंगरात कापूस कोंबलेला होता.

"बघा मामा, तुमच्या लेकीची करामत," तो सासऱ्याला म्हणाला. "आज पहाटंच पायातून काढून घेतले."

शेषराव साखऱ्याहून दिवेलागणीला कनेरगाव नाक्यावर उतरले होते. 'येऊन लेकीला घेऊन जा,' असा जावयाचा फोन. अजून त्यांच्या घशाखाली पाणीही उतरलं नव्हतं. मंजुषा खांबाला टेकून खाली मान घालून बसली होती. तिच्या कपड्यांची पिशवी विजयकुमारनं स्वतः भरून ठेवली होती. उद्याच्या पहिल्या गाडीनं ती माहेरी जाणार आणि परत या घराची पायरी चढणार नाही, हे त्यानं पक्कं करून टाकलं होतं.

पैंजणाची अक्कल खरं तर त्याच्या बापाची. सून रात्री अंथरुणातून उठून जाते, हे कानावर आलं तेव्हा संतराम बाजेवर पडल्या पडल्या मिशीत हसले होते. "पायात वाजणारं घाल. तुज्या मायले बी तीच खोड व्हती. म्या घुंगराचे तोडे घातले, तवापासून रात्री हलली न्हाई." मग हिंगोलीच्या सराफाकडून पैंजण आले. मंजुषा केवढी हरखली होती, बिचारी! नवरा आपल्या पायावर राखण बसवून राहिला, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि हा पठ्ठ्या रात्रभर कान देऊन पडायचा. कधी डोळा लागायचा त्यालाच कळायचं नाही, आणि जाग आली की शेजारचं अंथरूण रिकामं.

"सांग तुज्या बापाले, काहून जातीस ते," तो बायकोवर खेकसला.

"बाबा, निजलं की पोटऱ्यात आतून वळवळते," मंजुषा म्हणाली. "दुखत न्हाई, पण पाय जागेवर ठेववतच न्हाई. उठून चाललं की थांबते. पडलं की पुन्हा तेच. ह्यांची झोप मोडू न्हाई म्हणून निजायच्या येळी कापूस घालते अन् सकाळी काढते."

"ऐकलं? दिवसभर हळदीत राबते तवा पाय ठणठणीत. अन् रात्रीच काहून वळवळते?"

मंजुषालाही हेच कोडं पडलं होतं. आतासुद्धा बसून बसून तिचे पाय लुगड्याखाली चुळबुळत होते. विजयकुमारनं ते बरोबर टिपलं. भेदरली, त्याला वाटलं, चोर सापडला.

"बरं, ते बी सोडा. खळ्यावर हळद वाळून राहिली. राखणीला आपला गडी दिपक तिथंच निजते. पहाटं ढिगाभोवती धुळीत पावलं पाहून आलो मी. एक जोडी हिची. दुसरी चांगली रुंद, फताडी. संगं कोण व्हतं ते इचारा."

शेषराव लेकीकडं वळले. "मंजू, कोण होतं गं?"

मंजुषानं एकदा चुलीकडच्या दाराकडं पाहिलं आणि मान अजून खाली घातली. "कोणी न्हाई."

"पाहा! तोंडावर खोटं बोलते."

शेषरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. लेक खोटं बोलली हे त्यांनाही कळलं होतं. ते मुकाट्यानं पिशवीकडं सरकले.

तेवढ्यात चुलीकडून तोडे वाजले. नर्मदाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि सगळ्यांच्या मधे पाय पसरून बसली. रुंद, फताडे पाय. तळवे पिवळेधमक.

"ते पाय माजे हायेत," ती म्हणाली.



"मी बी रोज जाते. दोघी सासवा-सुना ढिगाभोवती फिरतो. दिपक तिकडं घोरत पडते, त्याले हळद कोणी नेली तरी पत्ता लागणार न्हाई. मीच हिले म्हणलं, माजं नाव घेऊ नको, म्हातारपणी तमाशा नको. पोरगी घर सोडाले निघाली, पण तोंड उघडलं न्हाई तिनं."

"माय, तुले बी हे व्हते?" विजयकुमारनं कसंबसं विचारलं.

"तू पोटात व्हता तवापासून."

"मग तोडे?"

म्हातारीनं कनवटीची चंची सोडली. सुपारी, कात, तंबाखूची पुडी बाजूला सारली आणि तळाशी हात घालून मूठभर कापसाचे बारके बोळे काढले. हळदीनं पिवळे पडलेले, वापरून वापरून चपटे झालेले. "हिले कापूस कोंबाले कोणी शिकवलं वाटते तुले?"

बाजेवर संतराम उठून बसले. इतका वेळ ते गालात हसत ऐकत होते. आता त्यांनी त्या बोळ्यांकडं पाहिलं, मग बायकोच्या पायांकडं पाहिलं. डोळे बारीक झाले.

"म्हंजे इतकी वर्सं..." ते म्हणाले. "कुठं जात व्हतीस?"

विजयकुमारला तो आवाज आपलाच वाटला. लाजेनं त्याचे कान तापले. त्यानं शेषरावांच्या हातातली पिशवी काढून घेतली, पण ती ठेवावी कुठं हे त्याला सुचेना. मंजुषाकडं बघायची तर हिंमतच नव्हती.

नर्मदाबाईनं सगळे बोळे नवऱ्याच्या पुढ्यात बाजेवर टाकले आणि सुनेला हात दिला. "ऊठ गं माय. कवापासून बसवून ठेवलं तुले." दोघी खळ्याकडं निघाल्या. उंबऱ्यात म्हातारी थांबली. मागं न पाहताच तिनं एक पाय जोरात आपटला, आणि तोडे खणखणून वाजले.

"आज कोंबत न्हाई," ती म्हणाली. "बसा ऐकत, कुठं जाते ते."