आत अजून एक जण

पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली: डिस्क वापरात आहे, पॅकेज थांबवता येत नाही. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

रुग्णालयातल्या औषधांच्या नोंदी दोन सर्व्हर मिळून सांभाळत. एक पडला की दुसरा आपोआप काम उचलायचा. पण आज कुरकुरणारी डिस्कच बदलायची होती. त्यासाठी नोंदींचं सगळं पॅकेज, म्हणजे नोंदी चालवणारा प्रोग्रॅम आणि त्याची डिस्क, नीट थांबवायला हवं होतं, आणि आत एक जण जरी उरला तरी ते थांबत नसे. जबरदस्तीने बंद करावं, तर अर्धवट लिहिलेला एखादा डोस कुणाच्या जिवावर बेतेल याचा नेम नाही. साडेबाराला वॉर्डात औषधं वाटायला सुरुवात होणार होती. सर्व्हर सांभाळणारी ती नोकरीत नवी, अजून कायमही झाली नव्हती.

सगळ्या विभागांना तिने सकाळीच बाहेर पडायला सांगितलं होतं. मग आत कोण राहिलं असेल, हा प्रश्नच तिला पडला नाही. फार्मसीतले पुडीकाका! प्रोग्रॅम उघडा टाकून चहाला जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने आपल्या साहेबांना तसं कळवून टाकलं. साहेब आधीच तापलेले. ज्याच्यामुळे अडलंय त्याला आजच घरी बसवतो, म्हणाले. काकांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ते ऐकून ती क्षणभर चरकली, पण मागे हटली नाही. फार्मसीत फोन लावून काकांना नाही नाही ते बोलली. मी केव्हाच बाहेर पडलोय, असं ते शपथेवर सांगत होते. मशीन खोटं बोलत नाही, एवढं सुनावून तिने फोन आपटला.

बारा सव्वीसला काका धापा टाकत तिच्या खोलीत आले. त्यांच्या हातात संगणकाची वायर होती, भिंतीतून उपटून आणलेली.

त्यांच्यासमोर पुरावाच ठेवावा म्हणून, जे सर्वांत आधी करायचं ते तिने आता केलं. डिस्क नेमकी कुणी धरून ठेवली आहे, हे मशीनला विचारलं. नाव आलं. तिने ते दोनदा वाचलं. मग तिने दोन ओळी टाइप केल्या आणि पॅकेज मुकाट्याने थांबलं.

"म्हणजे माझंच होतं हो," काका खुर्चीत बसत म्हणाले. "वायर उपटली आणि थांबलं बघा. वय झालं. चुकलं माझं, ताई."

फोन वाजला. पॅकेज थांबल्याचं साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काकांचं नाव वर कळवतोय, एवढंच म्हणाले. काकांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"काकांचं नाव खोडा, साहेब," ती म्हणाली. "सकाळपासून त्या डिस्कवर माझीच विंडो उघडी होती."