निळं बोट

देशभर राबवायच्या गोवर लसीकरणाची आखणी करताना संपदा देवस्थळींनी नियम मुद्दाम सोपा ठेवला. लस टोचली, की पोराच्या बोटाला निळी शाई. तपासणाऱ्याने फक्त बोटं बघायची.

जयपुरातली पहिली चाचणी सांगानेरच्या कापडछपाईच्या गल्लीत ठरली. संध्याकाळी तपासनिसाचा फोन आला, "मॅडमजी, सौ टका! एकही पोर कोऱ्या बोटाचं नाही. सिस्टरनी काहींना तर मनगटापर्यंत शाई लावलीये."

खूश होऊन संपदाताई जयपुरातल्या ऑफिसच्या खिडकीशी आल्या. खाली सांगानेरला जायची लसीची गाडी सकाळपासून पंक्चर होऊन उभी होती, आणि सिस्टर आत बसून चहा पीत होत्या.



सांगानेरची पोरं नुकतीच निळ्या रंगाच्या छपाईच्या कामावरून सुटली होती.